सत्तेचाळिसावं पान

१

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाक्यावर रेवतीचं ऑनलाइन सेंटर आहे. दहा बाय बाराचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी भिंतीला टेकवलेलं एक लाकडी बाकडं. ती काय काय कामं करते त्याची यादी बाहेरच्या फ्लेक्सवर होती, पण खालच्या चार ओळी मोटारसायकलींनी कायम झाकलेल्या असत. रेवतीला त्याचं काही वाटत नसे. लोक यादी वाचून येतच नव्हते. "ती बाई उघडून देते," एवढंच ऐकून येत होते.

फाईल उघडून देणं हाच तिचा खरा हातखंडा. वाशीमला उघडली नाही, हिंगोलीत उघडली नाही, ती फाईल घेऊन माणूस एस.टी.तून उतरायचा आणि घाम पुसत तिच्या दारात उभा राहायचा. तिचा क्रम ठरलेला होता, आणि देवपूजेतही तिने कधी इतकी शिस्त पाळली नसेल. आधी पान रिफ्रेश करायचं. मग डाउनलोडचं फोल्डर बघायचं, कारण निम्म्या वेळा फाईल कधीच आलेली असते आणि माणूस उगाच बोंबलत असतो. मग कॅशे, म्हणजे साठून राहिलेली जुनी पानं, साफ करायची, मग दुसरं ब्राउझर लावायचं. एवढ्यानेही भागलं नाही तर लिंक गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर टाकायची आणि म्हणायचं, तुमच्या मोबाईलवर उघडतं का बघा बरं. बहुतेक वेळा तिथे उघडायचं, आणि श्रेय मात्र रेवतीलाच मिळायचं.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला प्रेमदास राठोड आला. नाक्यापासून चार कोसांवरच्या तांड्यावरचा शेतकरी. सोबत मुलगी कोमल आणि म्हातारे वडील वसराम. कोमलचा नर्सिंगला नंबर लागला होता, तोही दुसऱ्या वर्षी परीक्षा देऊन. बाकी कागद झाले होते, फक्त जात पडताळणीसाठी एक जुना पुरावा राहिला होता. आजोबांचं नाव आणि जात लिहिलेलं, १९५६ सालच्या शाळेच्या प्रवेश नोंदवहीचं पान. शाळेतली मूळ वही वाळवीने केव्हाच खाल्ली होती. पण मधे कधीतरी अशा वह्या स्कॅन करून एका संकेतस्थळावर चढवल्या होत्या, आणि कुणीतरी कारकुनाने प्रेमदासला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं : पान सत्तेचाळीस.

"पाचपर्यंत अपलोड झालं न्हाई तर जागा दुसरीला जाते," कोमल म्हणाली. आवाज बारीक होता, पण तिने सॅक मांडीवर घट्ट धरली होती. रेवतीला तिची काळजी कळली. तिच्या स्वतःच्या वेळी असाच एक कागद वेळेत आला नव्हता, म्हणून ती आज या खुर्चीत होती.

वसराम म्हाताऱ्याला मात्र हे सगळं पोरखेळ वाटत होतं. वहीत ज्याचं नाव आहे तो माणूस स्वतः चालत आलाय, मग कागदाचं काय लोणचं घालायचंय, असं त्याचं म्हणणं. त्याने रेवतीला आपला हजेरी नंबर सांगितला, एकोणीस. आणि विचारलं नसताना मास्तरच्या चालीवर अख्खी हजेरी म्हणून दाखवली.

"बारावा गोविंदा, तेरावा थावरा, चौदावा सटवाजी, पंधरावा नामदेव, सोळावा उद्धव, सतरावा धनसिंग, अठरावा मारोती, एकोणिसावा मी, अन् विसावा हरी."

रेवतीने सवयीने एका वाया गेलेल्या प्रिंटच्या पाठीवर ती नावं टिपून घेतली, पान ओळखायला बरं पडतं म्हणून. मग थट्टेने विचारलं, की पहिले अकरा त्या दिवशी गैरहजर होते का. म्हातारा हसला. मग आपल्या बोटांकडे बघत राहिला. होते, पुढंच बसायचे, एवढंच तो म्हणाला. त्याने बाहेर हात केला. शेजारच्या टपरीवर चहा विकणारी चतुराबाई त्या चौदाव्या सटवाजीची लेक आहे, आणि सटवाजी पाटीवरची चित्रं थुंकीने पुसायचा, अशी माहिती त्याने पुरवली.

२

संकेतस्थळ सरकारी चालीने उघडलं. आधी गोल चक्र फिरत राहिलं, मग सगळं राखाडी झालं, आणि मग पान आलं.

पिवळट कागद, आखलेल्या ओळी, बोरूने लिहिलेलं टपोरं अक्षर. वरच्या अकरा ओळी कोऱ्या होत्या. ओल लागली असेल, रेवतीने मनाशी म्हटलं. आणि बाराव्या ओळीवर एक अंगठा होता.

तिला हसू आलं. अशा स्कॅनमधे अंगठे येतातच. वही मिटू नये म्हणून एक जण पान दाबून धरतो, दुसरा बटण दाबतो, आणि पानं इतकी असतात की अंगठा आला म्हणून कुणी परत स्कॅन करत बसत नाही. हा अंगठा डावीकडून आत आला होता, आखूड आणि रुंद, नख ब्लेडने कापल्यासारखं वाकडं. टोकाला शाई लागलेली होती. त्याच्याखाली तेरापासून वीसपर्यंतच्या ओळी स्वच्छ दिसत होत्या. एकोणीस नंबरला वसराम, पुढे बापाचं नाव, पुढे जात. बस्स, हवं ते सगळं होतं.

कोमल खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. आजोबांचं नाव दिसताच तिने श्वास सोडला, तो रेवतीच्या मानेला लागला. रेवतीने डाउनलोडचं बटण दाबलं, फाईल आली, ती तिने पडताळणीच्या अर्जाला जोडली आणि पाठवली. लाल अक्षरात उत्तर आलं, की फाईल वाचता येत नाही.

तिने फोल्डरमधे जाऊन फाईल उघडली. नुसतं राखाडी.

असं होतं. अर्धवट उतरलेली फाईल बाहेरून पूर्ण दिसते. तिने जुनं पान बंद केलं, नव्याने उघडलं आणि परत डाउनलोड केलं. नावापुढे कंसात एकचा आकडा घेऊन दुसरी प्रत आली. पान उघडलं तेव्हा तिच्या नजरेला काहीतरी खटकलं, पण काय ते लगेच कळलं नाही. अर्जाने ही प्रतही नाकारली. मग तिला दिसलं. अंगठा तेराव्या ओळीवर होता.

आधी बाराव्यावर होता ना? असेल, नसेल. कदाचित त्याच पानाचे दोन स्कॅन झाले असतील आणि सर्व्हर एकदा हा देत असेल, एकदा तो. रेवतीने स्वतःला तसं समजावलं आणि कॅशे साफ केली. तिसरी प्रत आली. अंगठा चौदाव्यावर, आणि वरच्या तेरा ओळी कोऱ्या.

तिला खुर्चीत नीट बसवेना. तिने पंखा वाढवला, मग कमी केला. दुसरं ब्राउझर उघडलं. चौथी प्रत.

अंगठा पंधराव्यावर होता. चौदावी ओळ आता नुसती आखलेली रेघ होती. शाईचा डाग नाही, खाडाखोड नाही, खरवडल्याची खूण नाही. तिथे कधी कुणी काही लिहिलंच नव्हतं, असा तो कागद दिसत होता.

३

बाकड्यावर वसराम पुन्हा हजेरी म्हणत होता. वेळ घालवायला म्हातारी माणसं पुटपुटतात तसा.

"पंधरावा नामदेव, सोळावा उद्धव, सतरावा धनसिंग..."

रेवतीचा हात माऊसवर थांबला. तिने टिपलेला कागद जवळ ओढला. तिच्याच अक्षरात बारा, तेरा, चौदा लिहिलेलं होतं. तिने म्हाताऱ्याला विचारलं, की बाबा, आधीची तीन नावं काहून गाळली. त्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनेच काही गाळलं असावं. हजेरी पंधरापासूनच सुरू व्हायची, तो म्हणाला. प्रेमदासने मान हलवली, बापाचं हे सगळं त्याला पाठ होतं. पंधरापासूनच.

तेवढ्यात चतुराबाई चहा घेऊन आली. पन्नाशीची, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ बाई. रेवतीच्या हातून बिल भरायचं राहिलं तर आठवण करून द्यायची, आणि आठवण करून दिल्याबद्दल दोन शिव्याही द्यायची. रेवतीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मावशी, तुमच्या वडलांचं नाव सटवाजी ना?"

"कोण सटवाजी?"

"मग काय नाव वडलांचं?"

चतुराबाईने तोंड उघडलं. मिटलं. मग ती हसली, पण हसू अर्ध्यात राहिलं. "अगं बाई, आत्ता जिभेवर होतं बघ," ती म्हणाली, आणि कप ठेवून गेली. दारातून रेवतीला टपरी दिसत होती. चतुराबाई गॅससमोर उभी होती, हातात पातेल्याचं झाकण तसंच, आणि दूध उतू चाललं होतं.

रेवती सरळ डोक्याची बाई होती. तिच्या आयुष्यात प्रत्येक न उघडणाऱ्या गोष्टीला कारण निघालं होतं. कधी नेट मंद, कधी जुनं ब्राउझर, कधी फाईलच्या नावातलं एखादं चिन्ह. तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि मनात हिशेब मांडला. बायका नावं विसरतात. म्हातारे नावं विसरतात. स्कॅन वेगवेगळे असतात. या तिन्ही गोष्टी एकाच दुपारी एकाच ओळीवर जमाव्यात, हे मात्र तिच्या गळी उतरत नव्हतं.

खात्री करायचा एकच मार्ग होता, आणि तो तिने वापरला. याची तिला नंतर फार लाज वाटली. तिने पान पुन्हा एकदा उघडलं.

पाचवी प्रत. अंगठा सोळाव्यावर. पंधरावी ओळ कोरी. मागून वसरामचा आवाज आला, शांत आणि तोच मास्तरचा सूर लावलेला.

"सोळावा उद्धव, सतरावा धनसिंग, अठरावा मारोती, एकोणिसावा मी."

तिने कोमलला हाक मारली आणि दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. कशाला ते तिलाच माहीत नव्हतं. मुलगी आजोबाचं नाव पडद्यावर बघून खूश होती. तिला वरच्या ओळींशी काही देणंघेणं नव्हतं.

"होईल ना ताई?" तिने विचारलं.

रेवती होईल म्हणाली. आता पान परत उघडायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. सोळावर अंगठा होता, मधे सतरा आणि अठरा, मग वसराम.

४

परत न उघडता काम करायचं तर पडद्यावर जे आहे तेच उचलायचं. रेवतीने स्वतःचा मोबाईल काढला, पडद्याचा समोरून सरळ फोटो घेतला. सोळावर अंगठा, आणि खाली एकोणिसावी ओळ स्पष्ट. वसराम. फोटोची पीडीएफ करायला दोन मिनिटं लागतात, ती तिने याआधी हजारदा केली होती. अडीच वाजत होते. वेळ भरपूर होता. तिला पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं, आणि तिने प्रेमदासला सांगितलं, की दादा, झालंच समजा.

प्रेमदास खूश झाला. म्हणाला, बरं झालं, म्या तर सगळ्यांनाच कामाला लावलं होतं.

"सगळ्यांना म्हणजे?"

त्याने मोबाईल पुढे केला.  पहिल्यांदा फाईल नाकारली गेली तेव्हाच, सवयीने, तिने लिंक प्रेमदासच्या व्हॉट्सॲपवर टाकली होती. ती स्वतः विसरून गेली होती. प्रेमदासच्या साध्या फोनवर ती काही उघडली नव्हती. म्हणून त्याने ती तांड्याच्या ग्रुपवर टाकली होती. ऊसतोडीला जाऊन पुण्याकडेच राहिलेले, मुंबईला रिक्षा चालवणारे, दोन शिक्षक, एक तलाठी, सगळे मिळून दीडशेच्या वर माणसं. खाली त्याने लिहिलं होतं : आमच्या कोमलचं काम हाय, ज्याच्याकडं उघडंल त्यानं टाका.

अजून कुणी उत्तर दिलं नव्हतं. दुपारची वेळ, लोक कामात. रेवतीने त्याच्या हातून फोन जवळजवळ ओढला आणि संदेश पुसायला गेली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की संदेश पुसला तरी ज्यांनी तो पाहिला त्यांना आधी सावध करावं लागेल. खरं काय सांगणार? अंगठा ओळी पुसतोय म्हणून? तिने चटकन सुचलं ते सांगितलं.

"दादा, त्या लिंकमधे व्हायरस आहे. कुणी उघडू नका म्हणून सांगा."

प्रेमदास घाबरला. त्याने तोंडाशी फोन धरून आवाजाचा संदेश पाठवला, की लिंकमधी व्हायरस हाय, कुणीबी उघडू नका, लई तकलीफ होईन.

पहिलं उत्तर पंधरा सेकंदांत आलं. टिंग. कुठाय व्हायरस, माझ्याकडं तर बराबर उघडलं. दुसरं लगेच त्याच्या पाठीवर. टिंग. मग नुसता अंगठा. परत अंगठा. इतका वेळ ज्या लिंककडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, ती आता व्हायरस कसा दिसतो ते बघायला जो तो उघडत होता. एकाने लिहिलं, भाऊ, शाळेचं पान हाय, काई व्हायरस गिरस न्हाई. एकाने ती लिंक दुसऱ्या तांड्याच्या ग्रुपवर टाकल्याचंही कळवलं, सावध राहा म्हणून.

टिंग. टिंग. रेवतीने फोन बंद करायला सांगितलं. प्रेमदासने केला. आवाज थांबला, पण दुसरं काही थांबणार नव्हतं, आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं. तिने उठून वायफायचा प्लग ओढला, आणि लगेच परत लावला. पाठवायचंय तर नेट लागणारच.  आपण हे केलं, आपल्या हाताने केलं, असं तिच्या मनात एकसारखं येत होतं.

बाकड्यावरून हजेरीचा सूर येत नव्हता. तिला वळून बघायची भीती वाटली.

"बाबा," तिने पडद्याकडेच बघत विचारलं, "हजेरी म्हणता का परत?"

"कसली?" म्हातारा म्हणाला.

५

फोटोची पीडीएफ तयार होती. तिने ती अर्जाला जोडली. जोडण्याआधी अर्ज एक झलक दाखवतो, बरोबर तीच फाईल आहे ना म्हणून. ती झलक उघडली.

तिनेच मघाशी काढलेला फोटो. कोपऱ्यात तिच्या टेबलावरच्या दिव्याचा पांढरा ठिपका, तिच्याच पडद्याची काळी चौकट. पण पानावर आता एकही नाव नव्हतं. अंगठाही ओळींवर नव्हता. काम संपल्यासारखा तो बाजूला झाला होता, आणि त्याच्यामागे हात दिसत होता, मनगटापर्यंत. स्कॅनरचं झाकण उघडं राहिलं की पानाच्या कडेला काळा पट्टा येतो. त्या पट्ट्यात, हाताच्या वर, काहीतरी फिकट होतं. वहीवर वाकलेला माणूस कुणी दार उघडलं की मान वर करतो, तसं ते वर होत होतं. कपाळ होतं. त्याच्याखाली एक पापणी, नुकती उघडायला लागलेली.

रेवतीने खिडकी बंद केली. माऊसने केली की कीबोर्डने, ते तिला आठवत नाही.

अर्ज पुढच्या रकान्यावर जाऊन थांबला होता. अर्जदाराच्या आजोबांचं नाव. रकाना लाल होता, आणि आत रेघ लुकलुकत होती. मघाशी तो तिनेच भरला होता.

ती वळली. प्रेमदासला तिने विचारलं, की दादा, तुमच्या वडलांचं नाव सांगा. त्याने भिंतीकडे बघितलं. मग मुलीकडे बघितलं. कोमलने ओठ दाबले. परीक्षेत येत असलेलं उत्तर ऐनवेळी न आठवावं, तसे तिचे डोळे भरून आले.

"वसराम," रेवती म्हणाली.  "वसराम राठोड. हे काय, इथे बसलेत."

तिघांनीही तिच्याकडे बघितलं. तिघंही सभ्य माणसं होती. बाईला बरं वाटत नसेल असं फक्त त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. वसरामने तर मागे वळून बघितलं, आपल्या मागे कुणी बसलंय का म्हणून.

रेवती उठून टपरीवर गेली. कशासाठी, तर एखादी तरी गोष्ट उलटी फिरलेली दिसावी म्हणून. तिने चतुराबाईचा दंड धरला आणि विचारलं, की मावशी, आठवलं का, वडलांचं नाव. चतुराबाईने फडकं खांद्यावर टाकलं. मघाचा गोंधळ तिच्या चेहऱ्यावर आता नव्हता. अगदी निवांत होती ती.

"मला कुठं बाप होता?" ती म्हणाली. "आईनंच वाढवलं की मला. तुला काय झालं गं?"

६

रेवती तासभर त्या रकान्यात वसराम हे नाव भरत राहिली आणि तो दर वेळी रिकामा होत राहिला; साडेचारला प्रेमदास उठला. त्याने चिठ्ठी, आधारच्या झेरॉक्स, कोमलची गुणपत्रिका असं सगळं पिशवीत भरलं. रेवतीने त्याला थांबवायचा प्रयत्न केला. अजून अर्धा तास आहे, फोन करून बघू, कुणाला तरी भेटू, ती बोलत राहिली. काय भेटू आणि कुणाला, हे तिलाही माहीत नव्हतं.

"राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "आमच्याकडं जुना पुरावाच न्हाई तर तुमी तरी काय करान. आमच्या घरात कुणी शाळेतच गेलं न्हवतं."

 कोमलने सॅक पाठीला लावली. दोन वर्षं दिवसरात्र अभ्यास करून मिळवलेली जागा ती अशी सोडून निघाली, जणू ती तिची कधी नव्हतीच. रेवतीला ते बघवेना. पोरीने रडावं, भांडावं, टेबलावर हात आपटावा असं तिला वाटत होतं. पण कोमलच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता थकवा होता.

दोघं दारापर्यंत गेली. बाकड्यावर म्हातारा तसाच बसून होता, हात गुडघ्यांवर.

"दादा," रेवती म्हणाली, "बाबांना न्या ना."

प्रेमदास थांबला. त्याने बाकड्याकडे बघितलं, नीट बघितलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, नजर रोखू नये याची काळजी घेत.

"आमी दोघंच आलतो मॅडम," तो म्हणाला.

कोमलही म्हाताऱ्याकडे बघत होती. एक क्षण तिच्या कपाळावर आठी पडली, आणि रेवतीच्या मनात आशा उभी राहिली. कोमल परत आत आली. तिने सॅकच्या बाजूच्या कप्प्यातली पाण्याची बाटली काढली आणि वाकून म्हाताऱ्याच्या हातात दिली.

"पाणी घ्या बाबा, लई ऊन हाय," ती म्हणाली, "तुमच्या घरचे येतीलच."

म्हाताऱ्याने बाटली घेतली आणि तिला हात उंचावून आशीर्वाद दिला. मोठी हो, म्हणाला. चांगल्या घरची पोर दिसते, असंही म्हणाला.

वाशीमची एस.टी. नाक्यावर लागली होती. रेवती त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावली, ट्रकच्या हॉर्नमधून ओरडली, वसराम, तुमचे आजोबा, तुमचे वडील. दोन ढाबेवाले बाहेर येऊन बघायला लागले. खिडकीतून कोमलने तिच्याकडे बघून मान हलवली, चाललो ताई अशा अर्थाने. कंडक्टरने घंटी मारली.

ती परत आली तेव्हा गाळ्यात प्रिंटर चालू होता. तिने कुठलीच आज्ञा दिली नव्हती. एकामागून एक कोरी पानं येऊन ट्रेमधे पडत होती. तिने प्लग काढला आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. म्हाताऱ्याने थोडं सरकून तिला जागा दिली. तो बाटलीतलं अर्धं पाणी प्याला होता आणि झाकण त्याने घट्ट लावून ठेवलं होतं. तो बराच वेळ दाराकडे बघत होता. जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर त्याची मान फिरत होती, आणि माणूस पुढे गेला की परत दाराशी येत होती.

मग तो तिच्याकडे वळला. तिला त्रास देतोय याचा त्याला संकोच वाटत होता.

"बाई," त्याने विचारलं, "मी कोणासंग आलतो?"

पाच वाजायला दहा मिनिटं होती.